माझ्या हाताच्या मापाचं घर

९ फेब्रुवारी

दादा,

पाच वर्षांनी पत्र आलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. कामाचं आहे.

वादळात मागचं मोठं झाड घरावर पडलं हे वहिनीने तुला सांगितलंच आहे. त्या दिवशी फोनवर मी तिला म्हटलं, "जरा त्याच्याकडे दे," तर म्हणाली, तू अंघोळीला गेलायस. दुपारी चार वाजता. बरं. मग दोन दिवसांनी तुझा निरोप आला, तोही तिच्याच तोंडून. मेअखेर घरावर छप्पर चढलं तर ठीक, नाहीतर तू तुझा अर्धा वाटा विकणार. अर्धं घर कोण घेतो, तेव्हा याचा अर्थ सगळंच विकायचं, एवढं मलाही कळतं. वहिनीला बिचारीला आपण दोघांनी पोस्टमन करून ठेवलंय.

आता झालंय काय ते नीट ऐक, कारण ती सांगताना रडली असणार. झाड पडलं ते मागच्या बाजूला. मधली खोली आणि तुझी खोली गेली, भिंतींसकट. स्वयंपाकघर आणि आईची खोली शाबूत आहे. मी तेव्हा चहा गाळत होते. कप हातातून पडला नाही, हे मी येईल त्याला सांगते. तुझं कपाट तेवढं उभं आहे आणि त्याचं दार निखळलंय, त्यामुळे मागच्या रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस तुझे जुने शर्ट बघून जातो. मी सध्या शेजारणीकडे राहते. खाण्यापिण्याची आबाळ नाही, काळजी करू नकोस. करत असलास तर.

तुझी अट मला मान्य आहे. पाच वर्षांपूर्वी तू न सांगता दलालाला मापं घ्यायला पाठवलंस आणि मी त्याची टेप विहिरीत टाकली, यात जास्त चूक कुणाची हे पुन्हा कधीतरी ठरवू. पण पैसे मी तुझ्याकडे मागणार नाही. गेल्या वर्षी शिलाईचं दुकान विकलं त्याचे आहेत, तेवढ्यातच बसवीन. नाही बसलं, मेअखेर छप्पर नाही चढलं, तर कागद पाठव, मी सही करीन. शब्द देते.

अर्ध्या घराची मालकीण


२१ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर नाही. मी वाट बघत नव्हतेच. पोस्टमनला दोनदा विचारलं ते आपलं सहज.

ठेकेदार हा प्राणी तू कधी जवळून पाहिलायस का? वादळाने आसपासच्या गावांतली निम्मी छपरं नेली आणि छपरं घालणारे आहेत मोजून तीन. त्यामुळे तिघेही सध्या जावयासारखे चालतात. अडला हरी, दुसरं काय.

पहिला मोटारीतून उतरला. फोटो काढले, पडलेली भिंत बुटाने उगाच ढकलून पाहिली आणि म्हणाला, "हे सगळं पाडावं लागेल."

मी म्हटलं, "पडलेलंच आहे."

"ते नाही. जे उभं आहे ते."

मग आकडा सांगितला. दादा, माझी सगळी पुंजी आणि तिच्यावर तेवढीच आणखी ठेवली असती तरी त्याचं भागलं नसतं. पण मी डगमगले नाही. बाबांचा नियम आठवतो ना? पहिला आकडा ऐकायचा, चकार शब्द काढायचा नाही, उठायचं आणि चालू लागायचं. दुकानदार मागून हाक मारतोच. बाबांनी आपल्या दोघांच्या वह्यांपासून आईच्या चष्म्यापर्यंत सगळं असंच घेतलं. मीही उठले, चपला घातल्या आणि चालू लागले. फाटकाबाहेर आल्यावर लक्षात आलं की हे दुकान नाही, माझंच घर आहे, आणि तो आत बसलाय. परत जायचं तर नाक कापलं जाणार. मग रस्त्यावर उभी राहिले. त्याने सावकाश चहा संपवला, बाहेर आला, गाडीत बसला आणि मला हात हलवून निघून गेला. हाक मारली नाही.

दुसऱ्याने घर बघायचेच पैसे घेतले. त्याचा कागद मात्र छान टाइप केलेला होता. विटा, वाळू, सिमेंट, लाकूड, मजुरी, आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात मोठी रक्कम, "किरकोळ व इतर". मी विचारलं, किरकोळ म्हणजे काय? म्हणाला, ते काम सुरू झाल्यावर कळतं. मग इतर? तेही तेव्हाच कळतं म्हणाला. मी म्हटलं, माझ्या दुकानात मी शर्टाच्या पावतीवर "काजं, बटणं व इतर" लिहिलं असतं तर गिऱ्हाइकाने मलाच काजात ओवलं असतं. तो हसला नाही.

तिसरा परवा येणार आहे. त्याच्याबद्दल लोक एवढंच सांगतात की तो कशालाच नाही म्हणत नाही.

हे सगळं तुला का लिहितेय? कारण घरात आकडेमोड तुझ्याकडे होती आणि भांडण माझ्याकडे. आता दोन्ही खाती मलाच बघावी लागतायत.

धाकटी


८ मार्च

दादा,

जिंकले.

तिसऱ्या ठेकेदाराचं नाव मी "हो-हो" ठेवलंय. मऊ आवाजाचा, जाड चष्म्याचा माणूस. काहीही म्हणा, आधी "हो हो, ताई," मग पुढचं. या वेळी मी शहाणी झाले होते. बोलणी घरात केलीच नाहीत. फाटकाबाहेरच्या दगडावर त्याला बसवलं, म्हणजे उठले की घरात जाता येतं.

त्याने पहिला आकडा सांगितला. मी उठले आणि घरात गेले. "ताई, ऐका तर," आली हाक. बाहेर आले, आकडा उतरला होता. पुन्हा उठले. पुन्हा हाक. तिसऱ्यांदा उठले तेव्हा तो म्हणाला, "बसा ताई, तुमचे गुडघे दुखतील. आपण असं करू. माल तुम्ही आणा, मजुरी तेवढी माझी. पडलेल्या विटा चांगल्या आहेत, साफ करून घ्या, नव्या कमी लागतील."

मी म्हटलं, "साफ मीच करीन."

"हो हो. आणि एक सांगू का? आधीच्या भिंती उगाच उंच होत्या. तेवढ्या उंचीला विटा जातात, परांची बांधावी लागते, वर माल चढवायला माणसं जास्त लागतात. उंची किती हवी तुम्हीच सांगा."

मी चौथऱ्यावर गेले, कोपऱ्यातली अर्धी भिंत उभी आहे तिला पाठ लावली आणि हात सरळ वर केला. "एवढी पुरे." त्याने माझ्या बोटांपाशी कोळशाने रेघ ओढली. अरे, माझ्यासारख्या बुटकीचा हात पोचतो तिथवर मला जळमटं काढता येतात, खिळा ठोकता येतो, दिवा बदलता येतो. आधी दर वेळी स्टुलावर चढायला लागायचं आणि ते स्टूल कसं डुगडुगतं तुला माहीत आहे. त्याच्या वर काय ठेवायचं होतं, हवा?

आणि आकडा बसला रे. माझ्या पैशात बसला, वर छपराच्या पत्र्यांनाही पुरतील एवढे उरले. हो-हो म्हणाला मेच्या मध्यावर छप्पर चढेल. तुझ्या अटीच्याही आधी. मी त्या दिवशी स्वतःसाठी अर्धा किलो द्राक्षं आणली आणि एकटीने संपवली.

तेव्हा त्या दलालाला सांगून ठेव, दुसरं गिऱ्हाईक बघ म्हणावं. बाबा असते तर त्यांनी माझी पाठ थोपटली असती. तू नुसतं "हं" म्हणाला असतास.

विजयी


३० मार्च

दादा,

अक्षराला हसू नकोस, उजव्या हाताला पट्टी आहे. विटा घासताना छिन्नी अंगठ्यावर बसली. वहिनीला सांगू नकोस. आता म्हणशील की सांगायचं नव्हतं तर लिहिलंस कशाला. अक्षर बघून तू नसते तर्क करशील म्हणून लिहिलं.

भिंती कमरेपर्यंत आल्यात. गवंडी दोघेच आहेत, पण हात चांगला चालतो त्यांचा. मी सकाळी उठले की आधी विटांच्या ढिगाशी जाते, दोन पावलांवर तर आहे. जुना चुना खरवडायचा, वीट पाण्यात टाकायची, बाजूला रचायची. वाकून वाकून पाठीचं धनुष्य झालंय, पण प्रत्येक वीट म्हणजे वाचलेला पैसा असं मनात म्हटलं की

थांब. दोन पावलांवर म्हणून लिहिलं खरं. शेजारणीचं घर काही दोन पावलांवर नाही, हे तुला माहीतच आहे. खोडत बसत नाही. मी स्वयंपाकघरातच राहते, पहिल्या दिवसापासून. मागच्या बाजूला ताडपत्री लावलीय. शेजारीण फार चांगली आहे, रोज बोलावते, पण तिचा नवरा रेडिओ छातीवर ठेवून झोपतो आणि रेडिओ बंद केला की जागा होतो. त्यापेक्षा ताडपत्रीची फडफड बरी. आणि खरं सांगू का, मी एकदा घराबाहेर झोपायला गेले असते तर घर उरलंय हे मलाच खरं वाटेनासं झालं असतं. वहिनीला हेही सांगू नकोस.

तुझे शर्ट मी कामाला घेतलेत. निळा घालून विटा घासते. बाह्यांना चार घड्या घालते तेव्हा कुठे हात बाहेर येतात. गवंडी म्हणतो, "ताई, शर्टाच्या आत कुणी आहे का?" कापड मात्र अजून चांगलं आहे. माझीच शिलाई, उसवेल कशी.

सुतार भेटला. उंच, काटकुळा, जेवढ्यास तेवढं बोलणारा माणूस. पडलेल्या झाडाचेच वासे करा आणि माझे पैसे वाचवा असं मी सांगितलं, तर म्हणाला, ओलं लाकूड वाकतं, वर्षभर सुकवाल का? मग आम्ही सौदा केला. झाड त्याने न्यायचं, बदल्यात सुकलेले वासे आणि दोन दारांच्या चौकटी त्याने द्यायच्या. मला पैसा पडला नाही. घर पाडलं त्या झाडानेच घराला दारं दिली, हे मी गवंड्याला इतक्यांदा ऐकवलंय की तो आता माझ्या आधी वाक्य पूर्ण करतो.

एक विचारू? तुझी तब्येत बरी आहे ना? वहिनी फोनवर "बरे आहेत" म्हणते, पण म्हणताना जरा थांबते.

धाकटी


१९ एप्रिल

दादा,

एक घोळ झालाय. माझ्याच हाताने झालाय.

भिंती पूर्ण झाल्या, माझ्या रेघेपर्यंत. काल सुतार चौकटी बसवायला आला. आधी मधल्या खोलीची बसवली, मग तुझ्या खोलीची. बसवून झाल्यावर ओळंबा लावून बघितला आणि आत जायला निघाला तर त्याला मान खाली घालून, खांदे पाडून जावं लागलं. आत उभा राहिला तेव्हा भिंतीकडच्या बाजूला त्याचं डोकं भिंतीच्या वर आलं. खोलीत सुतार आणि खोलीबाहेर त्याचे केस.

त्याने विचारलं, "या खोलीत कोण राहणार?"

मी म्हटलं, "माझा भाऊ."

"किती वर्षांचा आहे?"

दादा, त्याला खरंच वाटलं की लहान मुलाची खोली आहे. मी म्हटलं, साठी उलटलीय. तो हत्यारं गोळा करायला लागला. मी तिथेच विटांवर बसले. आणि तुझ्याइतका उंच माणूस या घरात वाढला, पोस्टमनपासून शाळेच्या मास्तरांपर्यंत सगळे ज्याला खांब म्हणायचे, त्याला मी विसरले कशी याचा विचार करत राहिले.

विसरले नव्हते रे. तुझं माप मला अजून पाठ आहे. छाती, बाही, पाठ, गळा, सगळं. कॉलेजपासून तुझे शर्ट मीच शिवले. पण शिंप्याचं माप गळ्याशी संपतं. त्याच्या वरचं आम्हाला लागतच नाही. हो-होने उंची विचारली, मी गिऱ्हाईक म्हणून समोर फक्त स्वतःला बघितलं आणि हात वर केला. पाच वर्षं त्या घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं, तर हाताला ते कळलं होतं.

आता परिस्थिती अशी. वासे आलेत, पत्र्यांचे पैसे बाजूला ठेवलेत. पुढच्या आठवड्यात छप्पर चढवलं तर घर वाचतं आणि तू त्यात मावत नाहीस. भिंती वाढवायच्या तर चौकटी काढायच्या, वरचे थर पुन्हा, नव्या विटा, परांची. त्यात पत्र्यांचे पैसे जातील आणि मेअखेर छप्पर चढणार नाही. मग तू मावशील आणि घर राहणार नाही. मी काम थांबवलंय. हो-हो रोज फाटकाशी येऊन "काय ठरलं, ताई?" विचारून जातो.

ज्याने अट घातली त्यालाच हे विचारणं म्हणजे लाज सोडणं आहे, पण विचारते. तू उंच किती आहेस? अंदाजाने नको. वहिनीला सांग, भिंतीशी उभं करून डोक्यावर पुस्तक ठेवून रेघ मारायला, आणि मोजून कळव. कदाचित दोन-तीन थरांतच भागेल.

या पत्राला तरी उत्तर दे.

धाकटी


५ मे

दादा,

तुझं कार्ड मिळालं. पाच वर्षांनंतरच्या तीन ओळी. "छप्पर घालून टाक. आहे त्याच उंचीला. मला चालेल." खाली सही, आणि सहीखाली "दादा" असं वेगळं लिहिलंस, मी ओळखणार नाही असं वाटलं की काय.

पहिल्यांदा वाचलं आणि उड्या मारायच्या बाकी राहिल्या. तू येणार, घर राहणार. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा डोकं फिरलं. मी उंची विचारली होती. आकडेमोड करणारा माणूस, ज्याने स्वतःच्या लग्नातल्या खुर्च्यासुद्धा दोनदा मोजल्या, तो साधा आकडा लिहीत नाही? आणि "चालेल" म्हणजे काय? चौकटीला रोज कपाळ आपटेल ते चालेल?

मी वहिनीला फोन केला. तिच्यावर रागावू नकोस. तिने तुला दिलेला शब्द मोडला तो माझ्या आवाजाला घाबरून. तिने सगळं सांगितलं. पाच वर्षांपूर्वीच पाठ वाकायला लागली म्हणे. काठी लागते. बाहेर जायचं टाळतोस, कुणी आलं की अंघोळीला जातोस. माझं पत्र आल्यावर तिने तुला भिंतीशी उभं केलं, पण तुझं डोकं भिंतीला टेकलंच नाही, मग पुस्तक ठेवणार कशावर. तू तिला म्हणालास, "तिच्या दारातून मी आरामात जाईन. लिही तिला." आणि मग तिच्या हातातून कार्ड घेऊन स्वतःच लिहिलंस.

मी विचारलं, मग घर विकायचं का म्हणत होता? तर म्हणाली, तू म्हणायचास, "तिथे सगळे मला खांब म्हणून ओळखतात. आता कुठल्या तोंडाने जाऊ?"

दादा, फोन ठेवल्यावर मी खूप रडले. लाज कशाची सांगायला. पाच वर्षं मला वाटत होतं की तुला पैसे हवेत. तुझा मला इतका राग आला होता की टेपबरोबर दलालालाही विहिरीत टाकायला हवं होतं असं वाटायचं. आणि तू तिकडे वाकून बसला होतास, एकटा, वेड्यासारखा. पाठ वाकली म्हणून घर विकतात का? असं असतं तर सगळ्या म्हाताऱ्यांनी बेघर व्हायला हवं.

रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि हो-होला बोलावलं. म्हटलं, चौकटी काढा, भिंती आधी होत्या तेवढ्या उंच करा.

तो "नाही" म्हणाला. शपथ घेऊन सांगते, पहिल्यांदाच. म्हणाला, "ताई, जेवढं वाचवलं त्याच्यापेक्षा जास्त जाईल. छप्पर राहून जाईल. आणि तुमचे भाऊ आता म्हणतायत ना, चालेल म्हणून?"

"आकडा सांगा."

त्याने सांगितला आणि मी उठून जाईन म्हणून वाट बघत राहिला. मी उठले नाही. म्हटलं, "ठीक आहे." बिचाऱ्याला इतकं अवघडल्यासारखं झालं की त्याने स्वतःच थोडा कमी केला.

तुला हे पटणार नाही, माहीत आहे. तू आहे त्या दारातून जाऊ शकतोस, मग खर्च कशाला. पण ऐक. तू वाकलायस म्हणून मी घर वाकवणार नाही. वहिनी सांगते, डॉक्टरांनी रोज भिंतीशी उभं राहून व्यायाम करायला सांगितलाय आणि तू करत नाहीस. डोक्यावर छप्पर टेकलेल्या खोलीत तर तू कधीच करणार नाहीस, तुला आयतं निमित्त. आणि समजा, नाहीच सरळ झालास, तरी हरकत नाही. फक्त तुझी पाठ तुझ्या दुखण्याने वाकलेली असू दे. माझ्या भिंतीमुळे नको.

शिलाईचं एक यंत्र मी विकलं नाही, ठेवलंय. वाकलेल्या पाठीचा शर्ट मागून लांब आणि पुढून आखूड कापावा लागतो, नाहीतर मागे वर चढतो आणि पुढे लोंबतो. शहरातल्या तयार शर्टात तू कसा दिसत असशील ते मला इथून दिसतंय. वहिनीकडून मापं मागवलीत, तिला पाठीचं माप घेता येत नाही असं तिच्या आकड्यांवरून वाटतं. तिच्या हिशोबाने तू एक तर उंट आहेस नाहीतर उशी.

धाकटी


२८ मे

दादा,

वरचा शेवटचा थर काल बसला. भिंती जुन्या उंचीला आल्या. सुताराने चौकटींना खालून लाकूड जोडून त्या उंच केल्या, जोड दिसतो, पण रंग दिला की लपेल म्हणाला. मग तो तुझ्या खोलीच्या दारात सरळ उभा राहिला, पगडीइतकी जागा डोक्यावर उरली. मी त्याला आत-बाहेर तीनदा चालायला लावलं. तो चालला, शेवटी म्हणाला, "भाऊ आले की मला सांगा, मला बघायचंय कोण आहेत ते."

स्वयंपाकघरात अंधार असतो म्हणून मी हल्ली तुझ्या खोलीत चहा घेते. वर आभाळ आहे. मागचं झाड नसल्यामुळे दुपारी ऊन थेट आत येतं आणि जमीन तापते. वासे भिंतीशी रचून ठेवलेत, ताडपत्रीखाली. पत्रे नाहीत. पत्र्यांचे पैसे भिंतीत गेले. हो-हो म्हणतो, उधारीवर आणतो, मी नको म्हटलं. उधारीचं छप्पर वर असलं की माणूस झोपेतसुद्धा मोजत राहतो.

मेअखेरला तीन दिवस आहेत. छप्पर चढत नाही. तू कार्डावर "चालेल" लिहिलंस ते आहे त्या उंचीच्या छपराला लिहिलं होतंस, तो सौदा मीच मोडला. तेव्हा तुझी मूळची अट आणि माझा मूळचा शब्द. तू जिंकलास. विकायचं असेल तर विकू. कागद तयार कर, मी सही करते. मागे हटणार नाही.

पण टपालाने सही करणार नाही. कागद घेऊन तू स्वतः यायचं. स्टेशनवर शेजारणीच्या नवऱ्याला गाडी घेऊन पाठवते, तो रेडिओ लावेल, तेवढं सोस. फाटकापासून घरापर्यंतच्या पायऱ्या मी काढून टाकल्यात, तिथे उरलेल्या विटांचा उतार केलाय, काठीला बरा. हे पैसे देऊन केलेलं नाही, माझ्या हाताने केलंय, म्हणून थोडं वाकडं आहे. रस्त्यावर कुणी भेटलं आणि "अरे खांब" म्हणालं तर म्हणू दे. इथल्या लोकांनी माझं अर्धं घर उघडं पाहिलंय, त्यांना आता कशाचं काही वाटत नाही.

आणि मग तुझ्या खोलीच्या दारात उभा राहा. काठी घेऊन, वाकून, जसा आहेस तसा. तुझ्या डोक्यावर जागा उरलेली मला माझ्या डोळ्यांनी बघू दे. तिथेच सही करते. त्यानंतर घर गेलं तरी माझी काही तक्रार नाही.

हे शेवटचं वाक्य खोटं आहे. तक्रार असेल, खूप असेल. पण ती तुझ्या तोंडावर करता येईल. वहिनीमार्फत भांडून मला कंटाळा आलाय, दादा. ये.

धाकटी